वरच्याची कृपा

रक्त या पदार्थाशी माझं पहिल्यापासून जमलेलं नाही. दुसऱ्याचं रक्त पाहिलं की मला घेरी येते. स्वतःचं असेल तर पाहायचीही गरज पडत नाही. कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा होता. सर कापसाने स्पिरिट लावत होते, तेवढ्या वासावरच मी टेबलाखाली गेलो. पुढल्या वर्षी मी कॉमर्सला नाव घातलं. मुलाला आकड्यांची आवड आहे, असं वडील सगळ्यांना सांगत. मीही कधी खुलासा केला नाही.

घरात मात्र रक्ताशिवाय बोलणं नव्हतं. महिन्याची वीस तारीख उलटली की वडील म्हणत, "तुमच्यासाठी रक्ताचं पाणी करतोय." आई म्हणे, "उगाच रक्त आटवू नका." ओवाळणीत पाचाच्या जागी दोनाची नोट पडली की आत्याला रक्ताचं नातं आठवे. लग्न झालं आणि सासूबाई आल्या. मला जे जे येत नाही ते ते नेमकं त्यांच्या घराण्याच्या रक्तात होतं : गाणं, पोहणं, वक्तशीरपणा, सुपारी बारीक कातरणं. या सगळ्यावरून माझी अशी समजूत झाली होती, की रक्त म्हणजे उसाच्या रसासारखा एक सरसकट पदार्थ. फक्त त्यात आलं-लिंबू ज्याच्या त्याच्या घराण्याचं.

ही समजूत २०२३ च्या सप्टेंबरात मोडली. आमच्या हिला डेंग्यू झाला.

डेंग्यू म्हटल्याबरोबर गुन्हेगार कोण, याबद्दल आमच्या घरात दुमत नव्हतं. वरचे! आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या बरोबर डोक्यावर 'वरचे' राहतात. त्यांना नाव आहे, ते खाली टपालपेटीवर रंगवलेलंही आहे. पण बारा वर्षांत आमच्या घरात ते कोणी उच्चारलेलं नाही. वरच्यांच्या गॅलरीत पंचवीस-तीस कुंड्या. सकाळी सातला ते कुंड्यांना पाणी घालतात आणि सातलाच ही आमच्या गॅलरीत धुतलेली साडी वाळत टाकते. पुढचा भाग रोज त्याच चालीवर व्हायचा. ही वर मान करून, "अहो, जरा खाली बघत जा की!" वरून अत्यंत प्रसन्न आवाजात, "सॉरी हं, वहिनी!" आणि दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा धार.

तर हिला दवाखान्यात ठेवलं, त्याच दिवशी महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधायला सोसायटीत आली. मी त्यांना उत्साहाने वर पिटाळलं. दहा मिनिटांत खाली आली. "वरती काही नाही. ताटल्यांत वाळू भरलीय त्यांनी. आता तुमचं बघू." आणि आमच्या फ्रिजमागच्या ट्रेवर बॅटरीचा झोत टाकून त्यातला मुलगा म्हणाला, "या बघा काका, केवढ्या वळवळतायत. हा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो." आमच्या घरातलं पाणी स्वच्छ आहे, याचा क्षणभर अभिमान वाटला. मग त्याने नोटीस लिहायला घेतली.

ही बातमी मी हिला सांगितली नाही. तिच्या तब्येतीची मला काळजी होती. माझ्याही.

दवाखान्यात रोज सकाळी हिच्या हातातून नळीभर रक्त नेत (त्या वेळी मी खिडकीतून रिक्षा मोजत असे) आणि दुपारी कागद येई. आयुष्यात पहिल्यांदा तो कागद मी वाचला आणि थक्क झालो. घराणं, गाणं, सुपारी, कशाचाही उल्लेख नाही! नुसते आकडे. तांबड्या पेशी एका घनमिलिमीटरात बेचाळीस लाख. पांढऱ्या अठ्ठावीसशे. प्लेटलेट एक लाख वीस हजार. हे शेवटचं नाव शाळेत 'रक्तपट्टिका' म्हणून पाठ केलं होतं, चार मार्कांना, आकृतीसह. तेव्हा असं वाटलं नव्हतं, की एक दिवस त्यांच्यासाठी देव पाण्यात ठेवावे लागतील.

कारण लोकांना फक्त तेवढा एकच आकडा हवा असायचा. क्रिकेटच्या स्कोअरसारखा. बंगलोरहून मुलगा विचारायचा, "बाबा, किती?" लिफ्टमध्ये विचारायचे, "किती?" दूधवाल्याने विचारलं. "चौसष्ट हजार," म्हटल्यावर तो म्हणाला, "आमच्या मेव्हण्याच्या अठरा झाल्या होत्या," आणि विजयी मुद्रेने पिशव्या मोजायला लागला. मग उपाय. पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध. एकावर तर पुणे शहरात शेळी कुठे बांधलेली असते त्याचा नकाशाच काढून मिळाला. किवी मात्र आले. हिला घास जात नव्हता, म्हणून ते मी खाल्ले. माझ्या प्लेटलेट उत्तम असाव्यात.

चौथ्या दिवशी ताप उतरला. मी पेढे आणायला निघालो, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, थांबा. खरी काळजी आता दोन दिवस." मुलगी आमच्या सुनेएवढी, पण बोलणं हेडमास्तरांचं. मी म्हटलं, "प्लेटलेट एकतीस हजारांवर आल्यात म्हणून?" तर म्हणाल्या, "मी प्लेटलेट बघतच नाहीये. मी हे बघतेय." आणि कागदावर ज्या ओळीकडे आजवर कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिथे बोट ठेवलं. पीसीव्ही. आधी अडतीस होतं, आज पंचेचाळीस.

मग त्यांनी कागदाच्या पाठीवर एक परीक्षानळी काढली. रक्त नळीत घालून गरगर फिरवलं, की तांबड्या पेशी जड म्हणून तळाला बसतात. वर राहतं ते पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा. रक्तात निम्म्याहून जास्त भाग त्याचाच. दोघांच्या मधे सायीसारखा एक पातळ पांढुरका थर, त्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. पीसीव्ही म्हणजे त्या तांबड्या भागाची शेकडेवारी. मी आनंदाने म्हटलं, "मग वाढली ते बरंच की! रक्त वाढलं." त्या म्हणाल्या, "रक्त नाही वाढलं, काका. पाणी गळतंय."

डेंग्यूत म्हणे रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून प्लाझ्मा बाहेर पाझरतो. रक्त दाट होतं, दाब पडतो, आणि माणूस जातो तो बहुतेक वेळा या पाझरण्यापायी. म्हणून सलाईन, तेही मोजून. कमी पडलं तरी वाईट, जास्त झालं तरी वाईट. मी त्या पिवळ्या पाण्याबद्दल कधी विचारच केला नव्हता. त्याच्यातूनच साखर, मीठ, प्रथिनं, औषधं सगळ्या शरीराला पोचतात. रक्त गोठवायचं सामानही त्याच्यातच विरघळलेलं असतं. एकूण रक्तात शंभरातले ऐंशी भाग पाणीच असतं म्हणे. म्हणजे वडील दर महिन्याला रक्ताचं जे पाणी करत होते, ते बरंचसं आधीच झालेलं होतं. पण ते होतं तिथे टिकलं तरच माणूस टिकतो, हे त्या दिवशी मला कळलं. वडील असते तर त्यांना सांगितलं असतं.

त्या दुपारी ही झोपली होती आणि मी शेजारी बसून तोच कागद पुन्हा पुन्हा वाचत होतो. सुचत काही नसलं की माणूस वाटेल ते वाचतो. तांबड्या पेशींची तर मला दयाच आली. हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीसेक लाख तयार होतात. अंगात जास्तीत जास्त हिमोग्लोबिन मावावं म्हणून जन्मतानाच आपलं केंद्रक टाकून देतात, आणि मग सुमारे एकशेवीस दिवस एकच काम : फुप्फुसातून ऑक्सिजनचा डबा भरून घ्यायचा, दारोदार पोचवायचा, परत यायचं. दिवाळी नाही, रजा नाही. थकल्या की बहुतेक पांथरीत मोडीत निघतात आणि त्यांच्यातलं लोखंड काढून नव्यांना दिलं जातं. आमच्या ऑफिसातही निवृत्त माणसाची खुर्ची अशीच लगेच दुसऱ्याला देत. पण आधी निदान नारळ तरी देत.

पांढऱ्या पेशींत पाच प्रकार. न्यूट्रोफिल जखमेवर धावून जातात आणि तिथेच मरतात. पू म्हणजे बराचसा त्यांचाच खच. इओसिनोफिल माझ्याकडे मुबलक आहेत, म्हणून मी सकाळी उठल्यावर एकवीस वेळा शिंकतो. लिंफोसाइट मात्र सासूबाईंच्या माहेरच्या असाव्यात. एकदा कोणी आगळीक केली, की त्याचा चेहरा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

पाचव्या रात्री हिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. उशीच्या अभ्र्यावर डाग होता. मी तो पाहिला, आणि घेरी आली नाही. आली असती तरी पडायला वेळ नव्हता. प्लेटलेट आठ हजार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसत्या आकड्यासाठी मी देत नव्हते. आता मात्र द्यायच्या. दाता आणा, बी पॉझिटिव्ह."

लग्नात आमचे छत्तिसांपैकी एकोणीसच गुण जुळले होते, पण रक्तगट दोघांचा एकच. मी खाली रक्तपेढीत जाऊन उभा राहिलो. "माझं घ्या," म्हणालो. हे वाक्य माझ्याच तोंडून आलं याची मी मागे वळून खात्री करून घेतली. तिथल्या मुलाने फॉर्म काढला. "गेल्या तीन दिवसांत ऍस्पिरिन घेतलीय?"

मला आठवलं. आदल्या संध्याकाळी डोकं ठणकत होतं आणि सासूबाईंनी पर्समधून गोळी काढली होती. "घ्या जावईबापू, आमच्याकडे सगळे हीच घेतात."

मुलगा म्हणाला, "मग नाही चालणार. ही गोळी प्लेटलेटला जी गप्प करते, ती तिच्या जन्मापुरती." प्लेटलेटचा जन्म तो केवढा, आठ-दहा दिवसांचा. जखम झाली की तिथे जाऊन चिकटायचं आणि भोक बुजवायचं, एवढंच तिचं काम, आणि माझ्या सगळ्या किवी खाऊन सुस्त पडलेल्या! माझा चेहरा बघून तो मुलगा धीर देत म्हणाला, "बी पॉझिटिव्ह काय, गल्लीत मिळेल. बॉम्बे ग्रुप असता तर खरी पंचाईत." हा गट १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच शोधला. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण त्या माणसाला 'ओ'सुद्धा चालत नाही; फक्त आपल्या गटाचंच लागतं. मुंबईच्या माणसाला मुंबईबाहेरचं काही चालत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते इतकं आत असेल असं वाटलं नव्हतं.

सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला. दहा मिनिटांत जोडलेल्या हातांची एकतीस चित्रं आली. मी ती मोजत बाकावर बसलो होतो.

पावणेअकराला रेनकोटमधून पाणी गाळत वरचे आत आले.

"बी पॉझिटिव्ह," ते म्हणाले. "वय छपन्न. जेवून आलोय. गोळ्या कसल्याही नाहीत. शेवटचं एप्रिलमध्ये दिलंय." आणि खिशातून रक्तदात्याचं कार्ड काढलं. त्यावर तोवरच्या चौतीस नोंदी होत्या. बारा वर्षं आमच्या डोक्यावर हा माणूस राहत होता आणि त्याच्याविषयी मला माहीत होतं ते एवढंच, की तो गळतो.

तपासण्या झाल्या आणि त्यांना यंत्राला जोडलं. रक्त बाहेर येतं, आत गरगर फिरतं, यंत्र त्यातल्या प्लेटलेट तेवढ्या ठेवून घेतं आणि बाकीचं सगळं परत देतं. तासाभराहून जास्त वेळ लागतो. मी शेजारी स्टुलावर बसलो. बसणं भाग होतं. पण बोलायचं काय? आमच्या दोन घराण्यांत आजवर एकाच विषयावर बोलणं झालेलं.

शेवटी तेच म्हणाले, "वहिनींच्या साड्यांचं मला फार वाईट वाटतं हो. कुंड्या आमच्या हिने लावलेल्या. जाताना सगळं सांगून गेली, गॅसचं पुस्तक कुठे, विम्याचे कागद कुठे. पाणी किती घालायचं ते राहून गेलं."

मी यंत्राकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, ओठांना मुंग्या येतायत. मुलगा धावला, कॅल्शियमची गोळी दिली. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात, त्याने तसं होतं. मग त्याने पिशवी दाखवली. तिच्यात लाल काहीच नव्हतं. पातळ केलेल्या पन्ह्यासारखं काहीतरी. हिला लगेच द्यायची होती म्हणून बरं. एरवी या फ्रिजमध्ये ठेवता येत नाहीत, पाळण्यासारख्या सतत डोलवत ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत संपतात.

सकाळी एकोणचाळीस हजार झाल्या आणि हिरड्या थांबल्या. पीसीव्ही उतरायला आणखी दीड दिवस लागला. त्या दीड दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही.

घरी आल्यावर सासूबाई दिवा लावताना म्हणाल्या, "वरच्याची कृपा!" ही म्हणाली, "हो ना!" दोघींच्या मनात वेगवेगळे वरचे होते. हिला वॉचमनने सगळं सांगितलं होतं, फ्रिजमागच्या ट्रेसकट. त्यानंतर रोज वाटीभर काहीतरी वर जाऊ लागलं. सातची धार चालूच होती, पण ही निमूटपणे साडी आत ओढून घ्यायची. घरात इतकी शांतता मला सोसेना. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, दुसऱ्याच्या प्लेटलेट अंगात किती दिवस राहतात? म्हणाल्या, तीन-चार दिवस. मी कॅलेंडरवर खूण केली. चार दिवस झाले, आठ झाले, काही फरक नाही.

बाराव्या दिवशी शेवटची तपासणी झाली. दोन लाख दहा हजार. कागद घेऊन घरी आलो, रात्री झोपलो. सकाळी सातला नव्या इरकलीवर टपटप झालं आणि गॅलरीतून आवाज आला, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा, "अहो, जरा खाली बघत जा की!"

वरून तितक्याच प्रसन्न आवाजात, "सॉरी हं, वहिनी!"

मी कागद पुन्हा काढून पाहिला. दोन लाख दहा हजार, सगळ्या हिच्या स्वतःच्या.