रिचलंडचे रॉड

सिएटलहून निघून स्नोक्वाल्मी खिंड ओलांडली की वॉशिंग्टन राज्याचा नूरच पालटतो. ओली हिरवाई मागे पडते. याकिमाच्या खोऱ्यात सफरचंदाच्या बागा आणि हॉप्सचे उंच मांडव लागतात, आणि त्यांच्यापलीकडे माण-खटावची आठवण करून देणाऱ्या बोडक्या, तपकिरी टेकड्या. साडेतीन तासांनी कोलंबिया नदीच्या काठी रिचलंड येतं.

हे गाव ओळखलं जातं ते शेजारच्या हॅनफर्डच्या अणुभट्टीमुळे. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम तिथलंच. गावातल्या हायस्कूलच्या संघाचं नावही 'बॉम्बर्स'! पण आशिया-आफ्रिकेतल्या कित्येक हाडांच्या डॉक्टरांना हे गाव वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे. मोडलेल्या पायात घालायचे त्यांचे रॉड इथून येतात.

डॉ. लुईस झर्कल हे इथले अस्थिशल्यविशारद. व्हिएतनाम युद्धात ते सैन्यात डॉक्टर होते. पुढे अनेक वर्षं ते इंडोनेशिया, व्हिएतनामसारख्या देशांत शिकवायला जात राहिले. तिथले सर्जन हुशार होते, शिकायला उत्सुक होते. पण शिकलेलं वापरायला हातात सामानच नव्हतं. म्हणून १९९९ साली झर्कल यांनी रिचलंडमध्ये 'साइन' ही संस्था काढली.

मांडीचं हाड मोडलं आणि ऑपरेशन झालं नाही, तर काय होतं हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. पायाला वजन टांगून दोन-तीन महिने खाटेवर. आमचे एक मामा असेच पडून होते. पाय जुळला, पण थोडा आखूड. तोवर बैल विकले गेले होते आणि मोठ्या मुलाची शाळा सुटली होती. मोडतं एकाचं हाड, वाकतं सगळं घर.

हाडाच्या पोकळीत रॉड घालणं तसं जुनं. जर्मनीत क्युंटशर यांनी ते १९३९ मध्येच केलं होतं. खरी अडचण असते रॉडच्या खालच्या टोकाच्या भोकात स्क्रू नेमका बसवण्याची. मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन चालू असतानाच 'सी-आर्म' मशीनच्या पडद्यावर हाड दिसतं. जिथे ते मशीन नाही, किंवा असून वीज नाही, तिथे काय करायचं? साइनचा रॉड भरीव असतो. बाहेरून त्याला एक मापाची दांडी जोडतात. तिच्या आधाराने भोक कुठे आहे ते कळतं, आणि सर्जन हाताच्या अंदाजाने ते चाचपून स्क्रू बसवतो. पडद्याची गरज उरत नाही.

आज पन्नासहून अधिक देशांत हे रॉड जातात. गरीब रुग्णाला त्याचे पैसे पडत नाहीत. अट एकच: सर्जनने प्रत्येक ऑपरेशनचे एक्स-रे संस्थेकडे पाठवायचे. अनुभवी डॉक्टर ते पाहून सल्ला देतात आणि वापरलेल्या रॉडच्या जागी नवे रवाना होतात. दरवर्षी जगभरचे सर्जन रिचलंडला जमतात आणि एकमेकांकडून शिकतात.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. हाताच्या मोडलेल्या हाडांसाठी भारतात वर्षानुवर्षं वापरला गेलेला स्वस्त चौकोनी खिळा 'तळवलकर' याच नावाने ओळखला जातो. आपल्या परिस्थितीला साजेसं अवजार आपल्याच माणसाने घडवल्याचा हा दाखला.

आपल्या मंडळांतून गावाकडे बरंच काही जातं: शिबिरं, देणग्या, कधी वापरलेली मशीनं. त्यामागची माया खरीच असते. पण आठ दिवसांचं शिबिर नवव्या दिवशी संपतं, आणि अपघात दहाव्या दिवशीही होतो. त्या दिवशी तालुक्याच्या गावातला डॉक्टरच हजर असतो. तेव्हा पुढचा चेक लिहिण्याआधी त्यालाच फोन करून विचारूया: "डॉक्टर, तुमचं काय अडतंय? आणि पाठवलेलं संपलं की पुढे काय लागेल?"