पाय कुठे थांबावा

गुडघ्यावरील शस्त्रक्रियेनंतर ब्रेकची हवा काढताना चालकाच्या आसनावर बसण्याचा मान मला सोडावा लागला आणि तो माझ्या पुतण्याकडे गेला, ही गोष्ट दप्तरात नोंद व्हावी अशी नसली, तरी माझ्या लेखी ते एक सत्तांतरच होते. इतर गॅरेजांत उस्ताद चाकापाशी बसतो आणि पोऱ्या पेडल दाबतो; न्यू जर्सीतल्या माझ्या गॅरेजात मात्र पहिल्यापासून ह्याच्या उलट रिवाज होता. चाकापाशी हवा सोडण्याचे निपल कोणीही उघडावे; पेडलवर पाय माझाच. ह्या हट्टाला कारण होते, आणि त्या कारणाला अहंकाराचा भक्कम टेकू होता.

सत्तांतर घडले ते एका माझ्दा मियाटावर. ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी गाडी १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली आणि १९९० चे मॉडेल म्हणून अमेरिकेत विकली गेली. आमच्याकडे आलेली गाडी त्या पहिल्याच वर्षाची. मूळ मालक निवर्तल्यावर वारसांनी विकलेली, बरीच वर्षे आच्छादनाखाली उभी असलेली आणि मैल अत्यंत कमी धावलेली. नव्या मालकाने मीटरवरचा आकडा मला अशा थाटात दाखवला, की जणू गाडीच्या कौमार्याचा तो सरकारी दाखलाच होता. मैलांचा हिशेब टायरांना नि क्लचला लागू पडतो. गाडीतल्या द्रवांचा जमाखर्च मात्र पंचांगावर चालतो, हे अशा मालकाच्या गळी उतरवणे हेच आमच्या धंद्यातले निम्मे काम असते.

इंजिनऑइलविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. साडेतीन-पावणेचार लिटरांचा मामला. काढावे, फिल्टर बदलावा, नवे भरावे. महिन्यातून एकदा गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणलेल्या गाडीचे तेल तापत नाही, त्यात उतरलेली वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, आणि म्हणूनच ते रोज धावणाऱ्या गाडीच्या तेलापेक्षा अधिक आंबते, एवढे मालकाला सांगितले की पुरे. कूलंटचा रंग शाबूत असला तरी त्यातली गंजविरोधी द्रव्ये केव्हाच संपलेली असतात. गिअरबॉक्सचे दोन लिटर तेल मी जीएल-४ प्रतीचेच घालतो. जीएल-५ मधले गंधकाचे जादा मिश्रण डिफरन्शियलला मानवत असले, तरी सिंक्रोच्या पितळी कड्यांच्या वाट्याला ते जाऊ नये, असे माझे मत आहे. मतभेद असणाऱ्यांनी आपल्या गिअरबॉक्सवर खुशाल प्रयोग करावेत. हमरस्त्यावरच्या, दहा मिनिटांत तेल बदलून काचेवर चिठ्ठी डकवणाऱ्या दुकानांना मात्र हा प्रश्नच पडत नाही, कारण गिअरबॉक्सपर्यंत त्यांचा हातच जात नाही. ‘आजन्म तेल’ ह्या शब्दांनी हल्लीच्या कंपन्यांनी त्यांची सोयच करून दिली आहे. तो जन्म बहुधा वॉरंटीच्या मुदतीबरोबर संपतो.

माझे घोडे अडते ते ब्रेक ऑइलपाशी. हा द्रव रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणातून हवेतील ओल शोषून घेत असतो. नव्या डॉट-३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की १४० अंशांचीच अपेक्षा प्रमाणात धरलेली आहे. हे कोणत्याही पुस्तकात सापडेल. पुस्तकांत क्वचितच आढळते ते असे, की नित्याच्या ब्रेकला मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या आपल्या मार्गाचा काही भागच चालतो, पुढचा भाग वर्षानुवर्षे अस्पर्श राहतो, आणि त्या अस्पर्श भागात ओलसर तेलाच्या कृपेने मळ नि गंजाची खरखर साचत जाते. हवा काढताना निपल उघडले, की पेडलचा विरोध एकाएकी नाहीसा होतो, पाय थेट तळाला जातो, आणि दट्ट्यावरचे रबरी वॉशर जन्मात प्रथमच त्या खरखरीवरून घासत जातात. त्या दिवशी सर्व ठीक दिसते. पुढे केव्हातरी सिग्नलला उभे असताना पेडल पायाखाली हळूहळू बसू लागते.

बरे, भीतीपोटी पाय फार लवकर थांबवला, तर तेल पुरेसे सरकत नाही आणि नळीतला बुडबुडा जागच्या जागी मागेपुढे करीत राहतो. म्हणजे तळाच्या अलीकडे, परंतु फार अलीकडे नव्हे, असे एक स्थान आहे, आणि ते प्रत्येक गाडीत निराळे असते. ते मला पायाने कळते अशी माझी ख्याती होती, आणि ती पसरण्यास मी कधीही हरकत घेतली नाही. ह्या कामासाठी पातळ तळव्याचे कापडी बूट निराळे ठेवले होते. गिऱ्हाईक समोर असले की मी डोळे मिटून पेडल दाबत असे. मिटण्याची वस्तुतः काही गरज नव्हती.

टाकीवरून हवेच्या दाबाने तेल ढकलणारी यंत्रे पलीकडच्या गॅरेजवाल्यांकडे पूर्वीपासून आहेत. त्यात पेडलला हातच लावावा लागत नाही, आणि अशा जुन्या गाडीसाठी ती पद्धत निःसंशय चांगली आहे. मी ते यंत्र घेतले नाही ते पैशाकडे पाहून नव्हे. ते घेतल्यावर माझ्या पायाला कोण विचारणार होते?

तर मियाटाच्या मागच्या उजव्या चाकापाशी मी बुटक्या स्टुलावर बसलो आणि आत पुतण्या. “दाब. धर. सोड.” पारदर्शक नळीतून प्रथम काढ्यासारखे काळपट तेल आले, त्यात रबराचे बारीक कण, मागोमाग एक बुडबुडा. “काका, किती दाबू?” त्याने विचारले. मी म्हणालो, “कळतं ते.” तो म्हणाला, “मला नाही कळत.” तो खरेच बोलत होता, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. इंच सांगावेत तर ते मी कधी मोजलेच नव्हते. जोर सांगावा तर निपल उघडल्यावर जोर असा उरतच नाही. तो खाली उतरला, भंगारातून लाकडाचा एक ठोकळा आणून पेडलखाली ठेवला, उंची जमेपर्यंत त्याच्यावर एक फळकूट चढवले, आणि पुन्हा जाऊन बसला. चारही चाकांचे तेल फिकट पिवळे येईपर्यंत काम बिनबोभाट झाले. पेडल कठीण, उंच, निर्दोष. मला आनंद व्हायला हवा होता. मी दुपारभर कोणाशी बोललो नाही.

ठोकळा आता हत्यारांच्या फळीवर आहे, आणि पुतण्याने त्यावर खडूने ‘मियाटा’ असे लिहिले आहे. अशी जुनी, कमी धावलेली गाडी ज्यांनी नुकतीच घेतली असेल, त्यांना एकच विनंती: ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले त्याचा कागद विकणाऱ्याकडे मागा, आणि ते बदलून होईपर्यंत, ब्रेक ‘कसे आहेत ते पाहू’ म्हणून उभ्या गाडीत पेडल सर्व शक्तीनिशी तळापर्यंत दाबू नका. ती इच्छा जवळजवळ प्रत्येकाला होते.