साडेतीन मिनिटांची भैरवी

रविवार. सकाळी गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध घेतलं. ग्लासावरचा फेस मिशीला लागतोच, त्याला इलाज नाही. येताना कानात केसरबाई केरकरांची भैरवी लावली होती, ‘जात कहाँ हो’. हल्ली जो भेटेल त्याला ती ऐकवतो. घरच्यांनी आता हात टेकलेत.

मला या गाण्याचं कुतूहल सुटत नाही. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तीत बाख आणि बीथोव्हेनच्या सोबतीला भारतातून हे एकच गाणं आहे. गाणारी बाई गोव्यातल्या केरीची. लहानपणी शिकायला आली ती आपल्या कोल्हापुरात, अब्दुल करीम खाँसाहेबांकडे. पुढे गुरू मिळाले अल्लादिया खाँ, म्हणजे शाहू महाराजांचे दरबारगायक. आणि तबकडी गेली त्याच वर्षी, 16 सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. दुसरं यान निघून तेव्हा जेमतेम अकरा दिवस झाले होते.

आवाज असा की पहिल्याच सुरात मैफल ताब्यात. सूर बारीक करून गोडवा आणण्याची भानगडच नाही. तान आली की श्वास कुठं घेतला, शोधत बसावं.

आम्ही रंकाळ्यावर भेळ खात ‘गाणं काय राहिलंय आता’ म्हणतो, ते मला पटत नाही. ऐकलं नसेल तर आजच ऐका. मोबाइलवर फुकट आहे, आणि काम साडेतीन मिनिटांचंच.