हॅट्स ऑफ

मैफलीत एखादी अवघड तान अलगद समेवर आली की मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास उद्गारतो, "हॅट्स ऑफ!" सभागृहात हॅट एकाच्याही डोक्यावर नसते. माझे आजोबा तर देवळात शिरण्याआधी डोक्यावरची काळी टोपी आणखी घट्ट बसवीत. वहाणा बाहेर काढायच्या, पण बोडक्या डोक्याने देवापुढे जायचे नाही. त्या घरात वाढलेल्या माझ्याही तोंडून हा परका उद्गार आपसूक निघतो, आणि मला तो मनापासून आवडतो.

सतराव्या शतकातल्या इंग्लंडात मात्र वरच्या माणसासमोर टोपी काढावीच लागे. क्वेकर पंथाच्या लोकांनी ते नाकारले. टोपी उतरवायची ती प्रार्थनेत, ईश्वरापुढे. माणसे सगळी सारखीच. त्या पंथातल्या तरुण विल्यम पेनला वडिलांनी विनवले, निदान राजा, राजाचा भाऊ आणि मी, एवढ्या तिघांपुढे तरी काढ. त्याने तेही मानले नाही. १६७० च्या सप्टेंबरात लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात त्याला आणि त्याचा पंथबंधू विल्यम मीड याला उभे केले, तेव्हा शिपायांनी त्यांच्या टोप्या आधीच काढून घेतल्या होत्या. न्यायासनावरून हुकूम सुटला, त्या पुन्हा त्यांच्या डोक्यावर घाला. घातल्या. आणि लगेच, न्यायालयात टोपी घालून उभे राहिलात म्हणून प्रत्येकी ४० मार्क दंड! हे वाचताना आजही माझ्या अंगाची लाही होते. टोपी काढण्याचे मोल त्या न्यायाधीशांपेक्षा या दोघांनाच जास्त कळले होते. म्हणून तर ते ती कुणाच्या धाकाने काढत नव्हते.

आणि मग मला १८३१ सालचा जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान आठवतो. वय २१. मोझार्टच्या एका सुरावटीवर शोपँ नावाच्या, त्याच्याच वयाच्या पोलिश मुलाने रचना बांधली होती. शुमानने तिच्यावर जर्मन नियतकालिकात लेख लिहिला. त्यात एक मित्र हलक्या पावलांनी खोलीत येतो, स्वरलिपीचे कागद पुढे ठेवतो आणि म्हणतो, टोप्या उतरवा, हा प्रतिभावंत आहे. तेव्हा शोपँला जर्मनीत फारसे कुणी ओळखत नव्हते. शुमाननेही त्याला पाहिले नव्हते. त्याच्यासमोर होते ते नुसते छापील कागद. दोघांची भेट व्हायला अजून ४ वर्षे होती.