रडून घे, मग ऊठ

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या वाड्यावस्त्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आता कोयता निघायचा असतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊसतोडीच्या हिशेबात ती एकच धरली जाते. ट्रॉलीत बांबू, पिठाचं पोतं, भांडीकुंडी, कोंबड्या आणि गोधड्या चढतात. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कुठेतरी फडाजवळ कोप उभी राहते आणि पुढचे पाच-सहा महिने तेच घर. काही पोरं आईबापाबरोबर जातात, काही शाळेपायी गावात राहतात. काही गावांत त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह चालतं. पण रात्री पोटाशी घेऊन झोपायला बहुतेकांना आजीच असते.

ट्रॉली वळणाआड गेली तरी पोर धुळीकडे बघत रडत राहतं. आजी त्याला गप्प करत नाही. "रड बाबा, रडून घे," एवढंच म्हणते आणि शेजारी टेकते. जरा वेळानं तिचा सूर बदलतो. "चल, ऊठ आता. शेळी कोन सोडील? पानी कोन भरील? म्या म्हातारीनं?" पोर नाक पुसत उठतं. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती आपणहून विषय काढते: आता गाडी कुठवर गेली असेल, आईनं भाकरी बांधून घेतली होती ती कुठे बसून खाल्ली असेल, पाडव्याच्या आगेमागे कशी परत येतील. पोराला आईचं नाव काढायची चोरी वाटत नाही.

सांत्वनाची भाषणं आजीला येत नाहीत. ती आधी दुःखाला जागा देते आणि मग हाताला काम देते. या क्रमात तिचं सगळं शहाणपण आहे.

१९९९ साली मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी दुःख पचवण्याविषयी एक मांडणी केली. माणूस कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, कधी उरलेल्या संसाराकडे वळतो. ही ये-जा चालू राहणं हेच सावरणं, असं त्यांचं म्हणणं. रोज त्याच आठवणीत राहून भागत नाही आणि तिच्याकडे पाठ फिरवून नुसतं राबत राहूनही भागत नाही. अंगणातल्या त्या म्हातारीनं हा निबंध वाचलेला नसतो, पण "रडून घे" आणि "ऊठ आता" या दोन वाक्यांच्या मधली वेळ तिला अचूक कळते.

ही समज तिला जात्यानं दिली असावी. पहाटेच्या अंधारात दोघी बायका समोरासमोर बसायच्या, एकीनं घास टाकायचा, खुंट्याला दोघींचा हात. दिवसभर ज्या गोष्टी तोंडातून काढायची सोय नसे त्या ओवीत यायच्या: सासरी गेलेली लेक, माहेरची आटलेली वाट, वारलेली आई. ऐकायला दुसरी बाई आणि दगड. दळण संपेपर्यंत रडून व्हायचं आणि घरादाराला पुरेल एवढं पीठही पडायचं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी अशा ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून लाखावर ओव्या जमल्या. दळणाला गिरणी आली नि जातं कोपऱ्यात गेलं तरी म्हाताऱ्यांच्या ओव्या तोंडपाठ होत्या.

खानदेशात बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना ऐन तारुण्यात वैधव्य आलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, चुलीपाशी, घरोट्यावर बसल्या बसल्या त्यांना गाणी सुचत गेली आणि घरच्यांनी ती टिपून ठेवली. त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये ती पुस्तकरूपानं आली. त्यांनी वैधव्याचं दुःखही गायलं आणि पेरणीही गायली. एकीसाठी दुसरी अडली नाही.

मृत्यू घरात येतो तेव्हा हीच रीत मोठ्या प्रमाणावर चालू होते. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात. आजी सुनेला दोन घास खायला लावते. "खा, पुढं लई काम हाय," म्हणते.

दहाव्याला नदीकाठी पिंड मांडला की सगळ्यांची नजर झाडावर जाते. कावळा येतो, भोवती फिरतो, पिंडाला शिवत नाही. उन्हात माणसं ताटकळतात. मग कुणीतरी पुढे होऊन हात जोडतं आणि मोठ्यानं बोलतं: धाकटीचं लग्न मी लावून देईन. कर्ज फेडू. भावाभावांत भांडण होऊ देणार नाही. तरीही कावळा लांबच. अशा वेळी मागे बसलेल्या आजीकडे विचारणा होते, कारण गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला होता ते तिला ठाऊक असतं. ती सांगते, "म्हशीचं बोल. म्हैस इकू नका म्हनत व्हता." कुणी ते बोलतं. कावळा शिवला तर सुटल्यासारखं होतं, नाही शिवला तर शेवटी दर्भाचा कावळा करून शिवतात. कावळ्याला काय कळतं हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिथे घडतं ते खरं असतं. गेलेल्याच्या राहिलेल्या काळज्या एकेक करून चारचौघांत बोलल्या जातात आणि प्रत्येक काळजीला घरातलं कुणीतरी नाव लावून घेतं.

२०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत हेच हिरावलं गेलं. दवाखान्यातून परस्पर स्मशानात देह गेले. अंत्यविधीला मोजकी माणसं. कित्येक घरांत शेवटचं तोंड दिसलं नाही, घाटावर जाता आलं नाही, दार लावून बसलेल्या घराला शेजाऱ्यांची भाकरीही पोहोचली नाही. विधींवर विश्वास नसलेल्यांनाही तेव्हा काहीतरी राहून गेल्याची बोच लागली. दुःख होतं तेवढंच होतं, पण हातांना करायला काही उरलं नव्हतं.

घरातली बाई गेली की तिच्या मागे राहिलेल्या लुगड्यांचं काय करायचं, हेही आजीलाच विचारतात. नवी कोरी असतील ती लेकी-सुनांना वाटली जातात. विरलेली ती धुऊन वाळवते, उसवते, पदर-काठ वेगळे काढते. दुपारी ओसरीवर थर अंथरले जातात. कोपऱ्यांवर जड भांडी ठेवून कापड ताणून घेतात आणि कडेकडेनं धावदोरा घालत बायका आत सरकत येतात. टाका घालताना आठवणी निघतात: हे लुगडं पंढरपूरच्या वारीतलं, हे नातवाच्या बारशातलं. नातू सुईत दोरा ओवून देतो, कारण आजीला आता नाकं दिसत नाही. थंडीत तीच गोधडी अंगावर येते. शहरांतही आता लोक आईच्या साड्या घेऊन गोधडी शिवणाऱ्या बायकांकडे जातात.

तरी एका बाबतीत शहरी घरं आजीपासून लांब गेली आहेत. कुणी वारलं की लहान मुलांना शेजारी पाठवून द्यायचं, "आजोबा गावाला गेलेत" असं सांगायचं, त्यांच्यासमोर डोळे पुसून टाकायचे. यामागे माया असते यात शंका नाही. पण मुलाला घरातली कुजबुज ऐकू येते, रिकामी खुर्ची दिसते आणि विचारायची बंदी आहे एवढंच कळतं. आजी असती तर तिनं त्याला मांडीवर घेऊन खरं सांगितलं असतं आणि मग उठवलं असतं. कारण मुलांनाही काहीतरी करायचं असतं. आल्या-गेल्याला पाणी द्यायचं असतं, फोटोच्या हारातलं एक फूल ओवायचं असतं, आजोबांचा चष्मा आता कुठे ठेवायचा ते ठरवायचं असतं. एवढं तरी घरानं त्यांच्याकडे सोपवावं.