एक हात व अनेक हात

आमचें घर ठाण्यास वागळे इस्टेटीच्या कडेला आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें. त्याच्या आरंभींच्या वसाहतींपैकीं ही एक. माझे वडील येथील एका कारखान्यांत फिटर होते. गेल्या वर्षीं त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या. शस्त्रवैद्यांनीं त्यांच्या पायांतील शीर काढून हृदयास जोडली व रक्ताला नवी वाट करून दिली. त्या खर्चापायीं आईच्या पाटल्या गहाण पडल्या. आपणही शस्त्रवैद्य व्हावें, असें मीं तेव्हांच मनाशीं ठरविलें.

वडील घरीं विश्रांति घेत असतां मी त्यांना वाचून दाखवीत असें. एके दिवशीं डॉ. नीतू मांडके यांचा वृत्तांत निघाला. हृदयाच्या शस्त्रक्रियेंत त्यांची ख्याति मोठी. परंतु तेवढ्यावर समाधान न मानतां मुंबईस अंधेरी येथें एक भव्य रुग्णालय उभारण्याचा त्यांनीं ध्यास घेतला. तें पुरें होण्यापूर्वींच, २२ मे २००३ रोजीं, अवघे ५५ वर्षांचे असतां, हृदयविकारानेंच त्यांचें निधन झालें. पुढें अंबानी समूहानें तें काम पुरें केलें. २००९ सालीं तें कोकिलाबेन धीरूभाई अंबानी यांच्या नांवानें सुरू झालें.

मी खिन्न होऊन म्हणालों, "बाबा, त्यांनीं शस्त्रच हातीं ठेवलें असतें, तर आणखी किती जीव वांचले असते! शिवाय नांवही दुसऱ्याचें लागलें."

वडील हंसले. "अरे, मी एका वेळीं एकच यंत्र दुरुस्त करीत असें. पण शेड, वीज, हत्यारें कोणी आधीं जमविलीं नसतीं, तर माझा हात काय करणार होता? मला ज्या टेबलावर निजविलें, तेंही कोणीं तरी उभें केलेंच होतें. आणि नांवाचें म्हणशील, तर आमच्या कारखान्याच्या फाटकावर कोणा फिटराचें नांव होतें?"

मी निरुत्तर झालों. तोंच आई चुलीपाशीं न राहवून म्हणाली, "बांधा हो मोठमोठीं रुग्णालयें, पण बांधणाऱ्यानें आमच्यासारख्यांच्या पाटल्यांचाही हिशेब मांडावा."

शस्त्रवैद्य होण्याचा माझा निश्चय कायम आहे. मात्र हिशेबाच्या वहीस मी आतां हलकी मानीत नाहीं. त्या वहींत आईचें वाक्य पहिल्या पानावर लिहावें, असें मनांत आहे.