रिकाम्या पोटाचा रेडिओ

जुन्या ध्वनिसंचाची दुरुस्ती आणि त्याचे रूपांतर या दोन भिन्न क्रिया असूनही बाजारात दोहोंना ‘रिपेअरिंग’ हे एकच नाव आहे, आणि या एका शब्दाच्या आडोशाने किती व्हॉल्व्ह रेडिओंची पोटे रिकामी झाली, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. व्हॉल्व्ह म्हणजे आतील हवा काढून घेतलेली काचेची नळी. ट्रान्झिस्टर येण्यापूर्वी आकाशलहरींतून आलेला क्षीण संदेश वाढवण्याचे काम अशा चार-पाच नळ्या करीत असत. रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे आणि त्याचे दरसाल नूतनीकरण करावे लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात संपली.

शिरूर अनंतपाळ येथे पाडायला काढलेल्या एका माळवदाच्या घरातून प्रस्तुत लेखकास मिळालेला मर्फी कंपनीचा लाकडी पेटीचा रेडिओ भंगारवाल्याच्या तागडीत पडलेलाच होता, आणि तो वजनाच्या भावाने न जाता वस्तू म्हणून विकला जावा यासाठी बरीच घासाघीस करावी लागली. मर्फीचा कारखाना एके काळी ठाण्यात होता. संचाची काच शाबूत होती, मागच्या पुठ्ठ्याला खोचलेले परवान्याचे पुस्तक टपालाच्या शिक्क्यांसह तसेच होते, आणि एसटीच्या टपावर चढवताना दोन माणसे लागावीत इतके त्याचे वजन होते.

हा संच एका मोठ्या शहरातील दुरुस्तीच्या दुकानात दिला गेला व तीन आठवड्यांनी तो ‘एकदम ओके’ होऊन परत मिळाला. पेटीला नवे पॉलिश होते, काचेमागे निळा दिवा होता, आवाज खणखणीत होता. परंतु काउंटरवरून उचलताक्षणी तो एका हातात आला. वजन कशाचे गेले, हे मागचा पुठ्ठा काढल्यावर कळले. व्हॉल्व्ह, तांब्याच्या तारेची वेटोळी असलेला ट्रान्सफॉर्मर, जुना स्पीकर आणि हे सारे ज्यावर बसवलेले असते तो चेसिस नावाचा धातूचा सांगाडा, यांपैकी काहीही आत नव्हते. एका कोपऱ्यात हाताच्या तळव्याएवढे ब्लूटूथ व पेनड्राइव्हचे किट चिकटवलेले होते. केंद्र लावण्याची खुंटी नुसती फिरत होती व डायलवरील काटा जागचा हलत नव्हता, कारण खुंटी आणि काटा यांना जोडणारी दोरीही उरली नव्हती. परवान्याचे पुस्तक कुठे गेले, या प्रश्नावर ‘कसलं पुस्तक?’ आणि चेसिस कुठे गेला, यावर ‘वाजतोय ना?’ एवढीच उत्तरे मिळाली. तांबे भंगारात गेले असणार, हे उघड होते. मालकाला एका शब्दाने न विचारता त्याच्या वस्तूचा गाभा विकावा आणि वर त्याच कामाची मजुरीही त्याच्याकडूनच घ्यावी, याला व्यवसाय कोणत्या अर्थाने म्हणावे, हे आजही उमगलेले नाही.

त्यानंतर मिळालेला दुसरा संच कोणत्याही दुकानात न देता गावातच एका वयोवृद्ध मेकॅनिकच्या मार्गदर्शनाखाली उघडण्यात आला. वर्षानुवर्षे बंद असलेला संच थेट विजेला जोडू नये, हा या कामाचा पहिला नियम होय. वाटेत साठ वॅटचा जुना तारेचा बल्ब जोडून तपासणी केल्यास आतील दोष बल्बच्या भगभगीत उजेडावरून कळतो आणि संच वाचतो. खरी खोड बहुधा कंडेन्सरमध्ये, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या घटकात असते. त्यातील कागद कालांतराने दमट होऊन वीज झिरपू देतो, आणि अखेरच्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमधून ती झिरपू लागली की तो व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर तापून जळतो. सुमारे अडीचशे व्होल्टचा दाब असलेल्या या भागात संच बंद केल्यावरही हात घालणे धोक्याचे असते. नवे कंडेन्सर हैदराबादच्या कोठी भागातून आणले गेले, आणि एके रात्री मध्यम लहरींवर, ७३८ किलोहर्ट्झला, हैदराबाद केंद्र लागले. मात्र शेजारच्या एलईडी दिव्याची व मोबाइलच्या चार्जरची घरघरही त्यात मिसळलेली होती.

येथे प्रस्तुत लेखकाच्या रागाला काहीसा तडा जातो. मध्यम लहरींवरील प्रक्षेपण ठिकठिकाणी बंद होत असताना, आणि हे व्हॉल्व्ह संच एफएम पकडू शकत नसताना, त्या दुकानदाराने निदान पेटी तरी घरात वाजती ठेवली, असे म्हणता येते. शेजारच्या आजी पहाटे अभंग ऐकण्यासाठी किट बसवलेलाच रेडिओ मागून नेतात. खरा संच मात्र आठवड्यातून एकदा लागतो. शिवाय दुसऱ्या संचातीलही बरेच कंडेन्सर नवेच आहेत, तेव्हा ‘मूळ’ या शब्दाची रेषा नेमकी कोठे ओढावी, हे सांगणे कठीण आहे. तरीही सडलेला सुटा भाग बदलणे आणि मालकाच्या पाठीमागे अख्खा सांगाडा विकणे यांत फरक आहे, आणि तो विचारण्या-न विचारण्याचा आहे.

ज्यांच्या घरी असा संच असेल त्यांनी तो दुरुस्तीला देण्यापूर्वी आतील भागांची छायाचित्रे काढावीत, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत मागावा, कागदपत्रे घरीच ठेवावीत, आणि दुकानाची पायरी चढण्याआधी संचाचे वजन करून ते लिहून ठेवावे.